चौकशी आणि प्रवेशाच्या यादीतली दुबार नावं अशी पकडा

प्रवेश होऊन गेलेल्या मुलांनाही ‘प्रवेश घेताय ना?’ असे फोन जातात, कारण चौकशीच्या शीटमध्ये नाव ‘ओंकार पाटील’ असतं आणि प्रवेशाच्या यादीत ‘पाटील ओंकार सुरेश’. नावावरून जुळवत बसू नका.

1. दोन्ही शीटमध्ये मोबाइल नंबरातल्या स्पेस आणि डॅश काढा. एक्सेलच्या राइट (RIGHT) फॉर्म्युल्याने शेवटचे 10 आकडे नव्या कॉलममध्ये घ्या. +91 किंवा सुरुवातीचं शून्य आपोआप गळतं.
2. त्याला जन्मतारीख जोडा, दोन्हीकडे एकाच साच्यात. नंबर आणि तारखेच्या मध्ये डॅश टाकाच. हे महत्त्वाचं आहे: 18 आकडे सलग आले तर एक्सेलचं काउंटइफ (COUNTIF, यादीत एखादी गोष्ट किती वेळा आहे ते मोजणारा फॉर्म्युला) त्यांना संख्या समजतं, पहिले 15च बघतं आणि भलतीच मुलं जुळवतं.
3. चौकशीच्या शीटमध्ये काउंटइफ लावा आणि हा जोडलेला नंबर प्रवेशाच्या यादीत किती वेळा आहे ते मोजा. शून्य आलेल्यांनाच फोन करा. आधी वडिलांचा आणि फॉर्मवर स्वतःचा नंबर दिलेली मुलंही शून्यात येतात, ती जन्मतारीख आणि आडनावावरून एकदा बघून घ्या.

जुळलेली ओळ डिलीट मात्र करू नका, फक्त खूण करा. जुळ्या भावंडांचा मोबाइल आणि जन्मतारीख दोन्ही एकच असू शकतं.