छोट्या कॉफी बागायतदाराला शिक्षण आणि रास्त दर: कोल्हापुरातून थेट खरेदी करणाऱ्यांसाठी

उसाचा काटा आणि उतारा (उसापासून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) यांवरून झालेली आंदोलने पाहत वाढलेल्या कोल्हापूरकराला वजनात आणि मोजमापात शेतकऱ्याचे किती नुकसान होऊ शकते, हे वेगळे सांगावे लागत नाही. राजारामपुरीत कॅफे चालवणारे किंवा स्वतः कॉफी भाजून विकणारे जे लोक आता कर्नाटकातील चिकमगळूर आणि कोडगू भागातील छोट्या बागायतदारांकडून थेट माल घेऊ इच्छितात, त्यांनी हीच जाण सोबत न्यावी. उसाला निदान केंद्र सरकारने ठरवलेली एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आहे. कॉफीला हमीभाव नाही. पूर्वी केंद्र सरकारचे कॉफी बोर्ड सगळा माल एकत्र करून विकत असे. ती पद्धत 1996 पर्यंत पूर्ण संपली आणि तेव्हापासून कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकाचा दर न्यूयॉर्कच्या व रोबस्टाचा दर लंडनच्या बाजाराबरोबर हलतो. दोन-तीन एकरांच्या बागायतदाराला त्या चढउतारात थांबता येत नाही, कारण पावसाळ्यातच घेतलेल्या उचलीपोटी त्याचे पीक अनेकदा व्यापाऱ्याकडे बांधलेले असते.

म्हणून पहिले काम दर ठरवण्याचे नसून मोजायला शिकण्याचे आहे, आणि ते घेणाऱ्याने व देणाऱ्याने एकत्र बसून करावे. साधारण 6 किलो पिकलेल्या फळांपासून 1 किलो स्वच्छ बी मिळते. फळाची साल काढून, आंबवून, धुऊन वाळवलेल्या मालाला पार्चमेंट म्हणतात. त्यावरचे टरफल काढल्यावर वजन सुमारे पाचव्या हिश्शाने घटते, आणि भाजताना आणखी 15 ते 18 टक्के जाते. म्हणजे तुमच्या दुकानातल्या एका किलो भाजलेल्या कॉफीमागे जवळजवळ दीड किलो पार्चमेंट, म्हणजेच सात किलोंच्या आसपास फळ तोडलेले असते. हा हिशेब बागायतदारासमोर त्याच्याच मालावर करून दाखवावा: एक किलो पार्चमेंट सोलावे, फुटके, काळे व किडके दाणे वेगळे काढावेत आणि उरलेले वजन त्याच्या वहीत त्यालाच लिहू द्यावे. दूध संस्थेत फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) डोळ्यांसमोर दिसते, तसा कॉफीचा उतारा त्याला दिसला पाहिजे.

ओलाव्याचे शिक्षण मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. पहिल्या वर्षी आम्ही माल नुसता हाताळून घेतला आणि जुलैच्या कोल्हापुरी दमट हवेत पोत्यांच्या तळाशी बुरशी धरली. दोष बागायतदाराचा नव्हता. ओलावा मोजण्याचे यंत्र आम्हीच नेले नव्हते. पार्चमेंटचा ओलावा 10 टक्क्यांपर्यंत उतरायला हवा. त्यासाठी उन्हाप्रमाणे सात ते दहा दिवस लागतात, थर पातळ ठेवून तो वरचेवर हलवावा लागतो आणि संध्याकाळी दव पडण्यापूर्वी झाकावा लागतो. जुनी माणसे दाणा दाताखाली धरून पाहतात: दाताचा वण उमटला तर तो अजून ओला. ही पारख यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहायला लावावी, म्हणजे यंत्र नसतानाही तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

बागेतले शिक्षण आपण देऊ नये, त्यासाठी कॉफी बोर्डाचे विस्तार कर्मचारी आणि बाळेहोन्नूरची संशोधन संस्था आहे. आपण गाडीभाडे, चहापाणी आणि कानडी नीट बोलणारा माणूस पुरवावा. निपाणी-गडहिंग्लज पट्ट्यात असा माणूस सहज मिळतो. खोडकिडा अरेबिकाचा मोठा शत्रू असल्याने किडकी झाडे शोधून उपटण्याचे प्रात्यक्षिक मार्च आणि सप्टेंबरमध्ये, या किडीचे भुंगे खोडातून बाहेर पडण्यापूर्वी ठेवावे. तोडणी चालू असताना कोणालाही बैठकीला बोलावू नये.

दराचा करार तोडणीपूर्वी, कानडीत आणि लेखी करावा. मजुरी, खत, सावलीच्या झाडांची छाटणी, वाळवणी आणि घरच्या माणसांची राबणूक धरून उत्पादनखर्च काढावा, आणि तो खर्च व वाजवी नफा मिळून होणारी रक्कम किंवा त्या दिवसाचा बाजारभाव, यांपैकी जे जास्त असेल ते द्यायचे असे स्पष्ट लिहावे. फक्त पिकलेली लाल फळे तोडायची अट असेल, तर एकाच झाडावर तीन-चार फेऱ्या होतात. त्या वाढीव मजुरीचे पैसे दरात वेगळे दाखवावेत, नाहीतर ती अट म्हणजे फुकटची वेठ होते. पहिली उचल पावसाळ्यात, बिनव्याजी द्यावी, कारण सावकारी उचलीची गाठ तिथेच सुटते. दुसरा हप्ता माल उचलतानाच, बागायतदाराच्या काट्यावर वजन करून द्यावा. बाजार नंतर चढला तर फरकाचे बिल कधी आणि कोणत्या भावावर निघेल, ती तारीखही करारातच असावी.

एका बागेचा सगळा माल घेण्याची ऐपत नसेल तर तसे आधीच सांगावे आणि जेवढा घेऊ तेवढ्याचाच शब्द द्यावा. नाकारलेल्या मालाचा नमुना, ओलाव्याचा आकडा आणि कारण लिहिलेली चिठ्ठी परत पाठवावी. आणि त्याच्याच बियांची भाजलेली एक पिशवी दरवर्षी त्याच्या घरी पोहोचवावी, कारण स्वतःची कॉफी कपात कशी लागते हे कित्येक बागायतदारांनी कधी चाखलेलेच नसते.