‘मिक्सिंगमध्ये बघू’ म्हणण्याआधी: घरी अल्बम करताना या चुका टाळा

कोपरीतल्या माझ्या घरी नव्याने गाणी करणारी मुले आपापले रेकॉर्डिंग ऐकवायला येतात आणि बहुतेकांच्या कामात तेच तेच दोष आढळतात. एखादी जागा खटकली म्हणून विचारले, तर ‘ते मिक्सिंगमध्ये बघू’ हे उत्तर तयार असते. मिक्सिंगमध्ये आवाजांचे प्रमाण जुळवता येते; चुकलेली पट्टी (म्हणजे गाण्याचा ‘सा’ ज्या उंचीवर धरला ती), मध्येच तुटलेला शब्द आणि फाटलेला आवाज तिथे सावरत नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक पट्टीची. फ्लॅटमध्ये राहणारा माणूस चाल बहुधा रात्री बांधतो, शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून हळू गुणगुणतो, आणि त्या दबक्या आवाजाला जी पट्टी सोयीची वाटते तीच गाण्याची पट्टी ठरवून टाकतो. माझ्या पहिल्या अल्बमच्या सहा गाण्यांपैकी चार गाणी मी अशीच पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी ‘सा’ धरून, बांधली. तबलजी मित्र डोंबिवलीहून तबला-डग्गा घेऊन आला, एका रविवारी चारही गाण्यांची साथ रेकॉर्ड झाली, आणि पुढच्या आठवड्यात खुल्या आवाजात गायला उभा राहिलो तेव्हा मुखड्याची पहिलीच ओळ मंद्र पंचमापाशी, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘प’पाशी, जाऊन विरून गेली. माझ्या आवाजाला काळी दोन हवी होती, म्हणजे तीन अर्धस्वर वर. घाईघाईने मी तबल्याचा ट्रॅक सॉफ्टवेअरमधून तेवढाच वर चढवला. चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ‘ना’ पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागला आणि डग्ग्याचा घुमारा नाहीसा झाला. मित्राला पुन्हा बोलवावे लागले, तेही लहान तोंडाचा दुसरा तबला घेऊन, कारण पहिला तबला तेवढा वर चढण्यासारखा नव्हता. एका रात्रीच्या गुणगुणण्यापायी आम्हा दोघांचा दीड महिना गेला.

तेव्हापासून मी पट्टी रात्री ठरवत नाही. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, सोसायटी जागी असताना, तानपुरा लावून उभा राहतो आणि गाण्यातली सर्वांत खालची व सर्वांत वरची ओळ लागोपाठच्या तीन पट्ट्यांत पूर्ण आवाजात गाऊन फोनवर घेतो. दोन दिवसांनी ऐकल्यावर कोणती पट्टी आपली, हे सहसा लगेच कळते. हे दोन दिवस थांबण्याची तयारी नवख्यांमध्ये फार कमी दिसते आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी चूक शब्दांची. कागदावर नेटकी दिसणारी ओळ तालात बसवताना शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो. माझ्या एका ओळीत ‘पावसाळी’ हा शब्द समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, असा फुटत होता की श्वास ‘पाव’नंतर पडायचा आणि ‘साळी’ पुढच्या आवर्तनात जायचे. गाणाऱ्याला अर्थ ठाऊक असल्याने त्याला हे ऐकू येत नाही. ते माझ्या आईने दाखवून दिले. म्हणून आता शब्द पक्के होईपर्यंत मी माइक जोडतच नाही, आणि गाणे कधीही न ऐकलेल्या माणसाला ते एकदा ऐकवून त्याला ऐकू आलेले शब्द लिहून द्यायला सांगतो.

आवाजाची पातळी उंच ठेवण्याचा हट्टही सोडावा. सॉफ्टवेअरमध्ये २४ बिटची अचूकता निवडून रेकॉर्ड करत असाल, तर सर्वांत जोरकस स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला तरी काही बिघडत नाही. शून्याच्या, म्हणजे मीटरवरच्या कमाल पातळीच्या, वर गेलेला स्वर मात्र कायमचा फाटतो. सराव करताना लावलेल्या पातळीवर विसंबू नका, कारण खरे गाताना प्रत्येक जण अधिक जोर लावतो. ‘भ’, ‘फ’ आणि ‘प’च्या झोतासाठी पॉप फिल्टर (माइकपुढची हवा अडवणारी जाळी) लावा आणि तोंड माइकच्या किंचित बाजूला ठेवा.

पंखा बंद करा, मे महिन्यातही. रुळांजवळ राहत असाल, तर शेवटच्या लोकलनंतर शांतता मिळेल हा भ्रम आहे, कारण मेल आणि मालगाड्या रात्रभर धावतात. मी गाडी येताना ऐकू आली की थांबतो आणि ओळ पहिल्यापासून घेतो. हेडफोनमधली क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) माइकमध्ये उतरू देऊ नका. हार्मोनियम आणि कीबोर्ड एकत्र वापरायचे असतील, तर कीबोर्ड पेटीला जुळवून घ्या. पेटीचा स्वर ४४२ हर्ट्झवर आणि कीबोर्डचा ४४० वर असेल, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. दुसऱ्याकडून आलेली फाइल ४८,००० हर्ट्झ सॅम्पल रेटची (सेकंदाला आवाजाचे इतके नमुने घेतलेली) आणि तुमचा प्रकल्प ४४,१०० चा असेल, आणि सॉफ्टवेअरने रूपांतर केले नाही, तर गाणे सुमारे दीड अर्धस्वर खाली उतरते. फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर त्याच रात्री ठेवा.

मिक्स झालेले गाणे त्याच दिवशी कुणाला पाठवू नका. मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी हेडफोनवर ऐकतो आणि मग फोनच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात काम चालू असताना. फोनचे लहान स्पीकर खर्जातले स्वर नीट वाजवू शकत नाहीत, त्यामुळे माझ्या दोन गाण्यांमधला डग्गा तिथे जवळजवळ नाहीसा झाला होता. त्याच्या वरच्या स्वरांशांना (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांना) उठाव देऊन ती दोन्ही गाणी मी पुन्हा मिक्स केली.