पाणबुडीच्या गेममध्ये खलाशांच्या पाळ्या आणि बदल्या कशा लावाव्यात

'सायलेंट हंटर 3' हा दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचा 2005चा गेम मी अजून मनापासून खेळतो. पण सहा-सात गस्ती झाल्या की त्यातली भीती ओसरते, कारण जुन्या खलाशांना आपण हलवतच नाही. 1943 उजाडेपर्यंत बोटीवर सगळेच मुरलेले असतात. खऱ्या यू-बोटींवर, म्हणजे त्या जर्मन पाणबुड्यांवर, तसं नव्हतं. अनुभवी माणसं नव्या बोटींवर पाठवली जात, वॉच ऑफिसर (पाळीवरचे अधिकारी) कमांडरच्या प्रशिक्षणाला जात आणि त्यांच्या जागी कोरी पोरं येत. गेम हे आपल्यावर लादत नाही, म्हणून नियम आपणच करायचे.

आधी एक वही घ्या. नाव, हुद्दा, कौशल्य, किती गस्ती झाल्या, कधी जखमी झाला, एवढे रकाने पुरे. टाइप सात या प्रकारच्या बोटीवर चाळीसहून जास्त माणसं असतात, त्यामुळे सुरुवातीला फक्त ऑफिसर आणि पेटी ऑफिसर (त्यांच्या खालचे, साध्या खलाशांवरचे मुकादम) लिहा.

बंदरात आलात की पदकं वाटण्याआधी बदल्या करा. पदक दिलेला माणूस सोडवत नाही, हा माझा अनुभव. चार गस्ती झालेला ऑफिसर उतरवायचा. तीन किंवा जास्त गस्ती झालेल्या प्रत्येक पेटी ऑफिसरसाठी लुडोचा फासा टाकायचा. सहा पडले तर तो गेला. 1942 पासून पाच पडले तरी गेला. फासा एकदाच टाकायचा आणि जागा भरताना रिनाउनचे (कामगिरीवर मिळणारे, माणसं घ्यायला खर्चायचे) गुण कितीही साठलेले असोत, कौशल्य नसलेलाच माणूस घ्यायचा.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. भोंग्याआधी गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर त्या दिवसाचं काम मिळायचं. दुसऱ्याच्या साच्यावर (मागावर) हात बसेपर्यंत सूत तुटतच राहतं, असं ते सांगायचे. दुरुस्तीचं कौशल्य असलेला माझा एकमेव पेटी ऑफिसर फाशाने गेला, तेव्हा ते मला नीट कळलं. पुढच्याच गस्तीत डेप्थ चार्जने (पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बने) मागच्या भागात पाणी शिरलं. पूर्वी हा माणूस ते बघता बघता आटोक्यात आणायचा. नवी पोरं झगडत राहिली, बोट खाली खाली जात होती आणि मी खोलीच्या काट्यावरून नजर काढू शकत नव्हतो. रात्री बारानंतर, लोअर परळच्या आमच्या खोलीत, हेडफोनमध्ये लोखंड करकरत होतं.

समुद्रावरच्या पाळ्यांसाठी खरी पद्धत सोपी आहे. डेकवरचे खलाशी तीन पाळ्यांत, टेहळणी चार-चार तासांची. इंजिनवाल्यांच्या दोनच पाळ्या, सहा तास काम, सहा तास आराम. ब्रिजवरच्या (बोटीच्या माथ्यावरच्या टेहळणीच्या जागेवरच्या) चौघांनी क्षितिजाचा एकेक चतुर्थांश वाटून घ्यायचा. गेममध्ये घड्याळ पळवताना हे जमत नाही, म्हणून जाता-येताना सोडून द्या. शिकारीच्या क्षेत्रात पोहोचल्यावर मात्र गेममधल्या दर चार तासांनी घड्याळाचा वेग उतरवून ब्रिजवरची माणसं स्वतः बदला.

जखमी होऊन परतलेला माणूस पुढची एक गस्त किनाऱ्यावर राहील. मेलेल्याचं नाव वहीत खोडायचं नाही, त्याच्यापुढे तारीख लिहायची आणि नव्याचं नाव खालच्या ओळीत घ्यायचं. मोठी बोट मिळाली तर जुन्यांपैकी निम्मेच सोबत न्या. ते निम्मे कोण, हेही फाशानेच ठरवा.