तालमीतून ज्युदोत आलाय? मग या चुका टाळा

आमच्याकडे दरवर्षी एकदोन पोरं तालमीतून येतात, ताकद भरपूर, मान रेड्यासारखी, आणि पहिल्याच मॅचला शिडो (म्हणजे नियम मोडल्याची छोटी शिक्षा) खाऊन रेफ्रीच्या तोंडाकडे बघत बसतात.

सगळ्यात मोठी सवय म्हणजे पट काढायची, म्हणजे पाय धरून पाडायची. उभ्याने बेल्टच्या खाली हात घातला की शिडो, आणि तीन शिडो झाले की हन्सोकुमाके, म्हणजे मॅच गेली. पूर्वी हे चालायचं, 2010 पासून बंधनं आली, 2013 ला तर थेट बाद करायचे, आता शिडोवर भागतं. खाली नेवाझात, म्हणजे जमिनीवरच्या झुंजीत, पाय धरला तर चालतो, पण पोरांना तेवढंच आठवत नाही 😄

तसंच कव, म्हणजे अंगाला मिठी मारून धरणं. आधी गीवर (ज्युदोच्या जाड कोटावर) एक तरी पकड पाहिजे, नुसती धावत जाऊन कव घातली की शिडो. आणि मॅटच्या कुस्तीत समोरच्याला बाहेर ढकललं की पॉइंट मिळतो ना, इथे ढकलणाऱ्यालाच शिडो, हे समजवताना माझा घसा बसतो.

दुसरं, पाठ लागली की संपलं असं समजून उठू नका! थ्रोला इप्पोन (पूर्ण गुण, मॅच तिथेच जिंकली) दिला नसेल तर दाबून धरा, 20 सेकंद धरलं तर इप्पोन, 10 ला वाझाआरी (अर्धा गुण), आणि 2025 पासून 5 सेकंदांनाही युको (त्याहून छोटा गुण) आहे. उलट पडताना पाठ वाचवायला ब्रिज केला (डोकं आणि पायांवर अंगाची कमान केली) तर तो इप्पोनच धरतात, मानेचा प्रश्न आहे म्हणून.

आता खरंच धोक्याचं. उडी मारून पायांची कैची घालून पाडणं, म्हणजे कानी बासामी, अजिबात नको. 1980 ला ऑल जपान स्पर्धेच्या मॅचमध्ये जपानचा नामांकित ज्युदोपटू यामाशिताचा पाय याच डावाने मोडला होता. धोबीपछाड मात्र बिनधास्त मारा, सेओईनागेचा (ज्युदोतला खांद्यावरून फेकायचा डाव) भाऊच तो, फक्त स्वतःचं डोकं मॅटमध्ये खुपसून मारू नका, तिथे शिडो नाही, थेट हन्सोकुमाके.

आणि क्वार्टर फायनल हरलात म्हणून गी काढून वडापाव खायला पळू नका. तीन शिडोने हरलात तरी रिपेचाज, म्हणजे हरलेल्यांना दुसरी संधी, असतं, तिथून ब्राँझ येतं. आमचा एक गडी नाव पुकारलं तेव्हा गेटबाहेर चहा पीत होता.