स्थापत्य आणि वास्तुकलेतील पहिली नोकरी : पगाराचा आकडा ठरतो कुठे?

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी किंवा बी.आर्क. हातात घेऊन पुण्यात नोकरी शोधायला आलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सुरुवातीला किती मिळतात? मी या शहरातील बांधकाम क्षेत्रात बरीच वर्षे काढली आहेत, त्यातील बहुतेक बिलिंगच्या, म्हणजे झालेले काम मोजून त्याचे बिल करण्याच्या, टेबलावर, आणि अलीकडे नव्या उमेदवारांच्या मुलाखतीही घेते. माझ्या पाहण्यातील खासगी नोकऱ्यांत नवख्या पदवीधराच्या हातात महिन्याला साधारण पंधरा ते पंचवीस हजार रुपये पडतात आणि पदविकाधारकाला त्याहून थोडे कमी. हे आकडे निराश करणारे आहेत, यात वाद नाही. मात्र एकाच इमारतीच्या साईटवर, एकाच पदवीचे चार अभियंते चार वेगवेगळे पगार घेत असतात, ते का, हे समजून घेतल्याशिवाय पहिली नोकरी निवडू नये.

पैसा विकासकाकडून निघतो. तेथून तो मुख्य कंत्राटदाराकडे आणि त्याच्याकडून पेटी कंत्राटदाराकडे, म्हणजे कामाचा तुकडा घेणाऱ्या पोटकंत्राटदाराकडे, उतरतो. प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार या वाटेच्या कडेला उभा राहून कामाची तपासणी करतो आणि आपले शुल्क विकासकाकडून घेतो. प्रत्येक पायरीवर काही रक्कम अनामत म्हणून अडकते, काही बिल वादात राहते आणि त्याचा फटका शेवटी सर्वांत खालच्या पायरीवरील अभियंत्याच्या पगाराला बसतो. म्हणून मुलाखतीला गेल्यावर पगार किती, याइतकेच पगार कितव्या तारखेला होतो, हेही विचारावे, आणि ते साहेबांना न विचारता खाली चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या तेथील मुलांना विचारावे. दोन हजारांनी जास्त पण दोन महिने उशिरा मिळणारा पगार भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला परवडत नाही.

पगार वाढतो कोणाचा? माझे निरीक्षण असे की, ज्याचे काम थेट बिलाला लागते, त्याचा. एक साधे उदाहरण देते, जे मी मुलाखतीत हमखास विचारते. भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा आहे आणि तीत एक मीटर रुंद व २.१ मीटर उंच दरवाजा आहे. गिलाव्याच्या मोजमापातून किती वजा कराल? बहुतेक उमेदवार दोन्ही बाजूंचे मिळून ४.२ चौरस मीटर वजा करतात. बांधकाम मोजण्याच्या आयएस १२०० या भारतीय मानकाच्या बाराव्या भागानुसार मात्र अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाडाला वजावटच नसते आणि अर्ध्या ते तीन चौरस मीटरच्या उघाडाला एकाच बाजूची वजावट होते; त्या बदल्यात चौकटीलगतच्या कडांचा गिलावा वेगळा मोजला जात नाही. म्हणजे योग्य वजावट २.१ चौरस मीटर. असे दोनशे दरवाजे असलेल्या इमारतीत कंत्राटदाराचा अभियंता चुकला, तर ४२० चौरस मीटर गिलाव्याचे पैसे मालकाकडे तसेच राहतात. हे ज्याला पाठ आहे, सळईचे दर मीटर किलोतील वजन मिलिमीटरमधील व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागून जो उभ्याउभ्या काढतो आणि बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता, नकाशावरून स्वतः तयार करतो, त्याला दुसऱ्या नोकरीत पगारावर घासाघीस करता येते. केवळ स्लॅबच्या दिवशी उन्हात उभे राहून काँक्रीटच्या गाड्या मोजणाऱ्याला ती करता येत नाही, मग त्याने कितीही घाम गाळलेला असो.

मुलींना एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. साईटवर बाईमाणसाचे काय काम, असे म्हणून ऑफिसात नकाशे काढायला बसवण्याची पद्धत अजून गेलेली नाही. ऑफिसात बसण्यात कमीपणा नाही; पण तेथे ड्राफ्टिंगऐवजी परिमाण (कोणते काम किती, ते) काढणे आणि बिलिंग मागून घ्यावे, कारण दोन्हींचा पगार तीन वर्षांत फार वेगळा होतो.

वास्तुविशारदांची वाट निराळी आहे. बी.आर्क. पाच वर्षांचे असते आणि १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय आर्किटेक्ट ही उपाधी लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की, हा कायदा उपाधीला संरक्षण देतो, कामाला नाही. म्हणजे नकाशे करण्याच्या बाजारात नोंदणी नसलेले लोकही स्पर्धेत राहतात. त्यातच ऑफिसचे शुल्क टप्प्याटप्प्याने येते : संकल्पना, महापालिकेची मंजुरी, वर्किंग ड्रॉइंग, पूर्णत्व. मंजुरी अडली की शुल्क अडते. अनेक लहान ऑफिसांत नवख्यांना पगारदार म्हणून न घेता व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के कर कापून पैसे दिले जातात. तेथे भविष्य निर्वाह निधीही नसतो. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळू शकतो, हे कोणी सांगत नाही, म्हणून येथे सांगते.

मोठ्या कंपनीच्या नेमणूकपत्रावर वार्षिक तीन लाख लिहिलेले असते, तेव्हा महिन्याचे २५,००० गृहीत धरू नयेत. मूळ वेतन १२,५०० असेल, तर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० या आकड्यातच धरलेले असतात. पुढे स्वतःच्या हिश्श्याचे १,५०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा होतात. हातात सुमारे २१,२०० उरतात. या पातळीवर महाराष्ट्रात महिलांना व्यवसाय कर माफ आहे. ग्रॅच्युइटी एरवी पाच वर्षे सलग नोकरी झाल्यावरच मिळते, आणि या क्षेत्रात पाच वर्षे एका जागी राहतो कोण!

सरकारी नोकरीचे गणित यापुढे उजवे दिसणारच. सार्वजनिक बांधकाम विभागातील कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३८,६०० ते १,२२,८०० आहे, कनिष्ठ वास्तुशास्त्रज्ञाची ४१,८०० ते १,३२,३००, आणि त्यावर महागाई व घरभाडे भत्ते. परंतु जाहिरात कधी निघेल, हे हाती नसते. म्हणून अभ्यासासाठी नोकरी पूर्ण सोडून तीन-चार वर्षे सदाशिव पेठेत काढणे मला पटत नाही, कारण त्यानंतर खासगी मुलाखतीत त्या वर्षांचा अनुभव शून्य धरला जातो.

आखाती देशांत जाण्याचा विचार असेल, तर पदवी प्रमाणपत्राचे साक्षांकन आधीपासून करून ठेवावे. सौदी अरेबियात अभियंत्यांना तेथील अभियंता परिषदेकडे नोंदणीही करावी लागते. त्यासाठी अनुभवाची पत्रे लागतात. प्रत्येक नोकरी सोडताना लेटरहेडवर पदनाम, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख आणि प्रत्यक्ष कामाचे स्वरूप लिहिलेले पत्र शिक्क्यासह घ्यावे. लहान कंत्राटदार प्रकल्प संपला की ऑफिस गुंडाळतात, आणि मग सही करायला माणूस सापडत नाही.