रुग्णालयाचे बिल हाती पडण्यापूर्वी : महाराष्ट्रात वैद्यकीय मदत कोणत्या क्रमाने मागावी

घरातले कोणी अचानक आजारी पडले की बहुतेक कुटुंबे आधी उसनवारी करून किंवा दागिने गहाण टाकून अनामत रक्कम भरतात आणि मग मदतीची चौकशी करू लागतात. हा क्रमच उलटा आहे. वैद्यकीय मदतीच्या बहुतेक योजनांत पैसा रुग्णाच्या हाती न येता थेट रुग्णालयाकडे जातो आणि त्यासाठी उपचारांपूर्वी किंवा उपचार चालू असतानाच मंजुरी घ्यावी लागते. भरलेल्या बिलाच्या पावत्या घेऊन नंतर हेलपाटे घालणाऱ्यांच्या हाती सहसा काही लागत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी पतीच्या शस्त्रक्रियेसाठी पाटल्या मोडल्या आणि ते रुग्णालय धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक न्यासाचे आणि गरिबांसाठी काही खाटा राखून ठेवणारे, असल्याचे त्यांना रुग्ण घरी आल्यावर कळले. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला ही माहिती आवर्जून सांगतो.

रुग्णाला हलवता येत असेल, तर पहिला विचार सरकारी रुग्णालयाचा करावा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. बाळंतपणासाठी 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम चालू आहे. त्यात सिझेरियन, औषधे, रक्त, आहार आणि घरापर्यंतची वाहतूक मोफत मिळते, तसेच एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावरही मोफत उपचार होतात. मुलाला जन्मतः हृदयदोष किंवा दुभंगलेला ओठ असेल, तर अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीसाठी येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाशी बोलावे. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना या कार्यक्रमातून शस्त्रक्रियेपर्यंतची मदत मिळते.

खासगी रुग्णालयात जाणे भाग असेल, तर ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. 155388 या क्रमांकावर तशी चौकशी करता येते. ही योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू असून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. मात्र ते ठरावीक शस्त्रक्रिया आणि उपचारांपुरतेच असते, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेला उपचार यादीत बसतो का, हे त्यांनाच स्पष्ट विचारावे. दाखल होतानाच शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलाशी जावे, कारण पूर्वमंजुरीची प्रक्रिया तिथूनच सुरू होते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोयही योजनेत आहे.

यापेक्षा कमी लोकांना ठाऊक असलेली आणि माझ्या मते सर्वांत मोलाची सोय म्हणजे धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातील कलम 41 कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि आणखी 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजार रुपयांपर्यंत असल्यास उपचार मोफत मिळतात, तर 3 लाख 60 हजारांपर्यंत असल्यास ते सवलतीच्या दरात होतात. हा खर्च भागवण्यासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करते, त्यामुळे ही सवलत मागताना संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. मोठमोठी, चकचकीत इमारतींची रुग्णालयेही धर्मादाय असू शकतात. कोणत्या रुग्णालयात किती राखीव खाटा रिकाम्या आहेत, हे धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहता येते.

धर्मादाय रुग्णालयात गेल्यावर चौकशीच्या खिडकीशी वाद घालत बसू नये, तर वैद्यकीय समाजसेवकाची भेट मागावी, कारण आर्थिक स्थितीची पडताळणी करण्याचे काम त्यांचे असते. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवावी लागते. रुग्णाची स्थिती गंभीर असेल, तर अनामत न मागता त्याला तत्काळ दाखल करून घेणे आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत आवश्यक उपचार देणे या रुग्णालयांवर बंधनकारक आहे. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

एवढे करूनही रक्कम कमी पडल्यास मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी यांच्याकडे अर्ज करता येतो. टाटा ट्रस्ट्स, श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यास यांसारख्या संस्थाही उपचारांसाठी साहाय्य देतात. अशा अर्जांना सहसा रुग्णालयाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक, निदानाचे अहवाल, उत्पन्नाचा दाखला आणि आधार कार्ड जोडावे लागते. अंदाजपत्रकावर डॉक्टरांची सही आणि रुग्णालयाचा शिक्का आहे ना, हे तिथेच तपासून घ्यावे, कारण तेवढ्यासाठी अर्ज परत येतो आणि हाताशी असलेले मोलाचे दिवस वाया जातात. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार संकेतस्थळावरून काढता येतो. तो हाती यायला काही दिवस लागत असल्याने घरात दीर्घ आजाराचा रुग्ण असेल, तर गरज पडण्यापूर्वीच काढून ठेवावा.

राखीव खाट रिकामी असूनही नकार मिळाला, तर तो लेखी मागावा. रुग्णालयाने लेखी देण्याचे टाळल्यास कोणी, केव्हा आणि काय सांगितले, याची तारखेसह नोंद करून जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा सहायक आयुक्त कार्यालयात अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी.