अमेरिकेतल्या शाळांमधली ऑनलाइन इंग्रजी चाचणी घेताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडावर इंग्रजी चाचणीचे निकाल आमच्या हातात आले आणि एका रकान्यापाशी माझी नजर अडकली. तिसरीतला एक मुलगा. नाशिकहून येऊन दोन वर्षं झालेली, वर्गात बोलायला लागला की थांबवावं लागायचं. लिसनिंग आणि रीडिंग उत्तम, स्पीकिंगमध्ये मात्र जवळजवळ तळाचे गुण. त्याच रांगेत बसलेल्या आणखी तिघांचीही तीच गत. आम्ही हेडसेटचा खोका उघडून एकेक तपासला, तेव्हा चार हेडसेटचे माइक मेलेले निघाले. मुलं बोलली होती. आवाज कुठेच पोचला नव्हता.

न्यू जर्सीच्या शाळांत मी ईएसएल, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांना इंग्रजी, शिकवते आणि दर हिवाळ्यात ही चाचणी घेते. अमेरिकेत आता मराठी शिक्षक, सहायक शिक्षक आणि बदली शिक्षक बरेच आहेत, आणि ही चाचणी देणारी मराठी घरांतली मुलंही आहेत. म्हणून हे त्या सगळ्यांसाठी, आणि मुलांच्या आईवडिलांसाठीही.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०१५ च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट’नुसार इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची दरवर्षी इंग्रजीची चाचणी घेणं राज्यांना बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियात एल्पॅक, टेक्ससमध्ये टेल्पास, आणि न्यू जर्सी, इलिनॉय, जॉर्जियासह बहुतेक राज्यांत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ‘विडा’ संस्थेची ॲक्सेस चाचणी. मी ॲक्सेसबद्दलच लिहिते आहे, कारण तीच मी घेते. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग, रायटिंग असे चार भाग आणि १.० ते ६.० अशी पातळी. एकूण निकालात रीडिंग व रायटिंगला प्रत्येकी ३५ टक्के वजन, लिसनिंग व स्पीकिंगला प्रत्येकी १५ टक्के. पंधरा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण न्यू जर्सीत ईएसएलमधून बाहेर पडण्यासाठी गेली कित्येक वर्षं एकूण ४.५ लागत आले आहेत, आणि त्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला आणखी एक वर्ष मागे ठेवायला एक मेलेला माइक पुरतो.

हेडसेट मुलाच्या भरवशावर सोडू नका

चाचणी सुरू होताना आवाज तपासायचा एक टप्पा असतो. मूल काहीतरी बोलतं, यंत्र ते परत ऐकवतं, आणि ऐकू आलं का हे मुलाने सांगायचं असतं. आठ वर्षांचं मूल तिथे काय करतं? पुढे जाण्यासाठी जे बटण दाबावं लागतं ते दाबतं. काही ऐकू आलं नाही तरी ‘हो’ म्हणतं, कारण सगळे पुढे गेलेले असतात आणि त्याला मागे राहायचं नसतं. त्या चौघांनी हेच केलं होतं. चूक त्यांची नव्हती. त्या टप्प्यावर त्यांच्या खुर्चीमागे मोठं माणूस उभं नव्हतं, ही आमची चूक.

आता मी आदल्या दिवशी प्रत्येक हेडसेट ज्या क्रोमबुकला (शाळेच्या लॅपटॉपला) लागणार त्याच क्रोमबुकला लावून स्वतः दोन वाक्यं रेकॉर्ड करून ऐकते. जोडी ठरली की दोन्हींवर एकच नंबर चिकटवते. यात नेहमी सापडणाऱ्या तीन गोष्टी सांगते. काही हेडसेट फक्त ऐकण्याचे असतात, त्यांना माइकच नसतो; मग क्रोमबुकचा आतला माइक चालू राहतो आणि शेजारच्या तिघांचा आवाज त्यात मिसळतो. जुन्या हेडसेटला दोन पिना असतात, एक आवाजाची आणि एक माइकची, आणि क्रोमबुकला भोक एकच. आणि काहींच्या वायरवर आवाज बंद करायचं बारीक बटण असतं, जे मुलांच्या बोटांना नेमकं सापडतं.

खोलीत मुलं कमी ठेवा. स्पीकिंगला मी पाचच्या वर कधीच घेत नाही आणि त्यांना पाठीला पाठ करून बसवते. घंटा, इंटरकॉमवरची घोषणा, शेजारच्या जिममधला चेंडू, सगळं रेकॉर्ड होतं, म्हणून त्या तासापुरती घोषणा थांबवायला मी ऑफिसला आठवडाभर आधी सांगून ठेवते. एका उत्तराला एकदाच रेकॉर्ड करता येतं, हे मुलांना आधी सांगा. नाहीतर ती ‘थांबा’चं बटण घाईने दाबतात आणि उरलेलं वाक्य तोंडातच राहतं.

एका शब्दात उत्तर देणारी मुलं

या बाबतीत आपल्या मुलांचं मला विशेष वाईट वाटतं. मोठ्यांनी विचारलं की नेमकं, थोडक्यात आणि बरोबर उत्तर द्यायचं, जास्त बडबड करायची नाही, हे आपण घरी शिकवतो. पुण्यातल्या, सोलापुरातल्या शाळेतही तेच. चाचणी मात्र उलटं मागते. पडद्यावर एक प्रयोग दाखवून पुढे काय होईल आणि का, असं विचारलं, तर ‘इट विल मेल्ट’ हे उत्तर विज्ञान म्हणून बरोबर आहे, पण त्यातून मुलाचं इंग्रजी फारसं दिसत नाही. उत्तर तपासणाऱ्याला कारण ऐकायचं असतं, जोडलेली वाक्यं ऐकायची असतात, विषयाचे शब्द ऐकायचे असतात. ही रेकॉर्डिंग आमच्या शाळेत तपासली जात नाहीत. दूर बसलेले प्रशिक्षित परीक्षक ती ऐकतात, आणि मूल हुशार आहे हे त्यांना माहीत नसतं. त्यांच्यापाशी फक्त आवाज असतो.

म्हणून सराव नोव्हेंबरपासूनच करा. विडाच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्न सगळ्यांसाठी खुले आहेत, घरीही करता येतात. मी मुलांना एवढंच सांगते: जे दिसतंय ते सांग, मग ‘बिकॉज’ म्हणून पुढे सांग, मग अजून एक गोष्ट सांग. उच्चारांची काळजी करू नका. भारतीय उच्चाराचे गुण कापत नाहीत, आणि अर्थ कळतोय तोवर कुणी कापूही नयेत. आईवडिलांना माझी एक विनंती आहे: चाचणीच्या आठवड्यात मुलाचे उच्चार सुधारायला बसू नका. उच्चारावर टोकलेलं मूल दुसऱ्या दिवशी तोंड उघडत नाही.

गप्प बसण्याचं दुसरं कारण यंत्राशी बोलण्याचा संकोच. समोर माणूस नसताना पडद्यावरच्या चित्राशी बोलायचं, हे पहिल्यांदा करणाऱ्याला अवघडच जातं. जानेवारीत भारतातून आलेलं मूल फेब्रुवारीत चाचणीला बसतं, तेव्हा त्याने माइकमध्ये एकदाही बोलून पाहिलेलं नसेल तर चाचणी त्याचं इंग्रजी मोजत नाही, त्याची भीती मोजते. रोज पाच मिनिटं त्याला काहीतरी रेकॉर्ड करायला लावा. काय बोलला याला महत्त्व नाही, मराठीत बोलला तरी चालेल. चाचणीच्या दिवशी मात्र मराठीतल्या उत्तराला गुण मिळत नाहीत, हे त्याला स्पष्ट सांगा.

क्रम मोडू नका

लिसनिंग आणि रीडिंग आधी. या दोन भागांतली कामगिरी पाहून सॉफ्टवेअर स्पीकिंग व रायटिंगची काठिण्यपातळी ठरवतं. वेळापत्रक आखताना ही गोष्ट सुटली की दोन प्रकारे फटका बसतो. सोमवारी रीडिंगला गैरहजर असलेलं मूल गुरुवारी स्पीकिंगच्या गटात येऊन बसतं आणि त्याचं तिकीट (लॉगिनची छापील चिठ्ठी) उघडतच नाही. मग भर तासात धावपळ. दुसरा फटका जास्त महागाचा. शुक्रवारी शेवटच्या तासाला घाईघाईत रीडिंग उरकलेल्या मुलाला स्पीकिंग-रायटिंगमध्ये सोपे प्रश्न मिळतात, आणि त्याला जे येतं ते दाखवायला जागाच उरत नाही. म्हणून मी रीडिंग सकाळी घेते, मुलांनी नाश्ता केल्यावर, आणि तीन दिवसांत सगळं संपवायची घाई करत नाही. एका दिवशी एक भाग, फार तर दोन.

तिकिटं आणि नावं

प्रत्येक मुलाला प्रत्येक भागासाठी यूजरनेम आणि पासवर्ड असलेलं छापील तिकीट मिळतं. तिकिटांची अदलाबदल झाली तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. आपल्या नावांमुळे हा धोका वाढतो. मधलं नाव वडिलांचं. ते कधी नोंदीत असतं, कधी नसतं, कधी पासपोर्टप्रमाणे पहिल्या नावाला जोडून येतं. एकाच मुलाच्या दोन नोंदी तयार झालेल्या मी पाहिल्या आहेत, मधल्या नावासकट एक आणि त्याशिवाय एक, आणि दोन्हींत अर्धे अर्धे भाग. अशा मुलाचा एकूण निकाल लागतच नाही. जुळी भावंडं असतील तर डोळ्यांत तेल घाला. तिकीट देताना नाव हाक मारून वाटू नका. जन्मतारीख आणि राज्याचा विद्यार्थी क्रमांक जुळवूनच हातात द्या, आणि लॉगिन झाल्यावर पडद्यावर स्वतःचंच नाव दिसतंय का, हे मुलाला मोठ्याने वाचायला सांगा.

ज्या मुलांना आयईपी किंवा ५०४ योजनेनुसार (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शाळेने केलेल्या लेखी योजना) सवलती आहेत, उदाहरणार्थ आवाज पुन्हा ऐकणं किंवा बोलण्यासाठी जास्त वेळ, त्या सवलती चाचणीच्या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदवल्याशिवाय तिकिटं छापू नका. मूल चाचणीत शिरल्यावर ही चूक निस्तरणं फार कठीण जातं. लिसनिंगमध्ये आवाज एकदाच वाजतो. ज्याला पुन्हा ऐकण्याचा हक्क आहे, त्याचा तो हक्क एका न लावलेल्या खुणेमुळे जातो.

मराठीतून हळूच केलेली मदत

हे आपल्या लोकांसाठी. खोलीत तुमच्याशिवाय मराठी कुणालाच कळत नाही आणि मूल कुजबुजतं, ‘काकू, याचा अर्थ काय?’ काळीज हलतं. पण प्रश्नातला शब्द सांगितलात तर ती चाचणी रद्द होऊ शकते, आणि त्याचं नुकसान त्या मुलालाच सोसावं लागतं. कुठे क्लिक करायचं, पुढे कसं जायचं, अशा सूचना मुलाच्या भाषेत समजावण्याची मुभा असते. ती नेमकी किती, हे आपल्या राज्याच्या नियमावलीत आधी वाचून ठेवा. प्रश्नाच्या मजकुराला हात लावायचा नाही. मी मुलांना आदल्या दिवशीच मराठीत सांगून ठेवते, की उद्या मी अर्थ सांगू शकणार नाही, रागावले म्हणून नाही, तो नियम आहे. तेवढं सांगितलं की त्यांना ते तुटकपणाचं वाटत नाही.

ऐनवेळी अडलं तर

पडदा गोठला, तर मुलाला पुढची बटणं दाबू देऊ नका आणि क्रोमबुक लगेच बंद करू नका. वेळ आणि प्रश्नाचा क्रमांक लिहून घ्या, शाळेतल्या चाचणी समन्वयकाला हाक मारा. मुलाने चुकून ‘चाचणी संपली’ दाबलं, तर तो भाग पुन्हा उघडून देण्याचं काम समन्वयकाचं असतं, आणि ते त्याच दिवशी केलेलं बरं. चुकीच्या तिकिटावर लॉगिन झाल्याचं कळलं, की त्या क्षणी थांबा. ‘आता सुरू झालंच आहे तर पूर्ण करू’ हा विचार सगळ्यात घातक. फायर अलार्म वाजला तर मुलं आधी बाहेर, चाचणी नंतर. पोट दुखतंय असं मुलाने सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा, थांबवा, दुसऱ्या दिवशी घ्या. स्पीकिंगमधल्या रेकॉर्डिंगची मर्यादा सोडली, तर या चाचणीला घड्याळ लावून वेळ मोजत नाहीत आणि बहुतेक शाळांत ती काही आठवडे चालते. घाई आपण लावून घेतो.

आईवडिलांशी न बोलणं

दर सप्टेंबरला एखादी आई मला म्हणते, ‘ताई, तो तिकडे इंग्लिश मीडियमला पहिला यायचा, मग याला ईएसएल कशाला?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला आदराने उत्तर मिळायला हवं. शाळेत नाव घालताना घरच्या भाषेचा फॉर्म भरलेला असतो. त्यात मराठी लिहिलं की नव्या मुलाची आधी एक छोटी तपासणी होते, आणि तिच्या निकालावर पुढचं ठरतं. ईएसएल ही शिक्षा नाही. १९७४ च्या लाउ विरुद्ध निकोल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ज्यांच्या बाजूने निकाल दिला, ती सॅन फ्रान्सिस्कोतली चिनी भाषक मुलं होती. न कळणाऱ्या भाषेतल्या वर्गात नुसतं बसवणं म्हणजे शिक्षण नव्हे, हे तिथे मान्य झालं, आणि मराठी मुलालाही आज तोच हक्क आहे.

काही घरं फॉर्मवर मुद्दाम फक्त इंग्रजी लिहितात. काही नंतर ईएसएल नको म्हणून लेखी कळवतात. तो पालकांचा हक्क आहे, पण वर्ग नाकारला तरी वार्षिक चाचणी चुकत नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं. मग फेब्रुवारीत मूल अचानक चाचणीला बोलावलं जातं आणि घरी वाद होतो. हे संभाषण सप्टेंबरमध्ये करा, शक्य तर मराठीत, आणि मागच्या वर्षीचा निकाल समोर ठेवून करा.

चाचणीची मुदत संपायच्या पाच-सहा दिवस आधी मी यादी घेऊन बसते आणि प्रत्येक मुलाचे चारही भाग हिरवे झालेत का ते पाहते. एक भाग राहिला तरी एकूण निकाल लागत नाही आणि त्या मुलाला बाहेर पडण्याची संधी वर्षभर मिळत नाही. मागच्या वर्षी एका मुलीचं रायटिंग राहिलं होतं. ताप येऊन गेला होता आणि तिच्या वर्गशिक्षिकेला वाटलं मी घेतलं, मला वाटलं त्यांनी. शेवटच्या गुरुवारी तिला दुपारी नाही, सकाळी नाश्त्यानंतर लायब्ररीच्या कोपऱ्यात बसवलं. तिने तासभर टाइप केलं आणि मग विचारलं, अजून थोडं लिहू का?